कापसाचा ढीग आणि कंपनीचे झाड

दिवाळी उलटली की घाटंजीच्या रस्त्यांवर कापसाने भरलेल्या गाड्या दिसू लागतात. वाघाडी नदीकाठचे हे तालुक्याचे गाव यवतमाळ जिल्ह्याच्या कापूसपट्ट्यात आहे. कापूस शेतकऱ्याच्या घरात असतो तोवर त्याची ओळख शाबूत असते. पहिल्या वेचणीचा कोणता, फरदडीचा कोणता, कोणत्या बोंडांवर पाऊस पडला, कोणत्या कापसात कवडी जास्त आली, हे घरातल्या सर्वांना तोंडपाठ असते. जिनिंगच्या आवारातील ढिगावर गाडी रिकामी झाली की पाच मिनिटांत ही सारी माहिती पुसली जाते. उरतो तो ढीग आणि हातात एक पावती.

या लेखाचा विषय संघटनेची, विशेषतः कंपनीची, रचना हा आहे. हा विषय व्यवस्थापनाच्या महाविद्यालयांचा, त्याचा आपल्या शाळेशी काय संबंध, असे वाटेल. पण मुळात ते एक साधे कोडे आहे. अनेक माणसांनी मिळून एखादे काम करायचे ठरवले, तर कोणी काय ठरवायचे, ते ठरवण्यासाठी लागणारी माहिती त्याच्यापर्यंत कशी पोचायची आणि चूक झाली तर ती कोणाच्या खात्यावर मांडायची? या तीन प्रश्नांची उत्तरे म्हणजेच रचना. आपल्या कापसाने गेल्या सव्वाशे वर्षांत ही उत्तरे निरनिराळ्या प्रकारे दिली आहेत.

ढिगाचे गणित

आधी थोडे अंकगणित करू. दहा शेतकऱ्यांनी प्रत्येकी १०० किलो कापूस एका ढिगावर टाकला आणि वजनाप्रमाणे पैसे वाटून घ्यायचे ठरवले. नऊ जणांच्या कापसात ८ टक्के ओलावा आहे, दहाव्याच्या कापसात १४ टक्के. म्हणजे दहाव्याने प्रत्यक्षात ८६ किलो कोरडा माल आणला. आठ टक्के ओलाव्याच्या हिशेबाने त्याचे वजन ८६ भागिले ०.९२, म्हणजे सुमारे ९३.५ किलो होते. ढिगात साडेसहा किलोंची तूट आली. ती दहा जणांत वाटली गेली, प्रत्येकाच्या वाट्याला ६५० ग्रॅम. दहाव्याला स्वतःच्या वाट्याची तूट सोसूनही ५ किलो ८५० ग्रॅमचा फायदा झाला.

आता ढीग हजार जणांचा करा. तूट तीच, साडेसहा किलो. पण प्रत्येकाच्या वाट्याला फक्त साडेसहा ग्रॅम. एवढ्यासाठी कोण तक्रार करील? आणि तक्रारच नसेल तर पुढच्या वर्षी ओला कापूस आणणारा एकच कसा राहील? ढीग मोठा होतो तशी एकेकट्याची चूक दिसेनाशी होते, पण तिची बेरीज वाढत जाते. संघटनेची रचना म्हणजे ही चूक दिसती ठेवण्याची युक्ती, असे म्हणायला हरकत नाही.

रेल्वेने काढलेले झाड

ही अडचण मोठ्या प्रमाणावर प्रथम जाणवली ती रेल्वे कंपन्यांना. अमेरिकेतील न्यूयॉर्क आणि ईरी ही रेल्वे १८५० च्या दशकात जगातील सर्वांत लांब रेल्वेमार्गांपैकी एक होती. तिचा अधीक्षक डॅनियल मॅक्कॅलम याच्या लक्षात एक चमत्कारिक गोष्ट आली. छोट्या रेल्वेपेक्षा मोठ्या रेल्वेला दर मैलामागे कमी खर्च यायला हवा. प्रत्यक्षात उलटे घडत होते. त्याने कारण शोधले. पन्नास मैलांच्या मार्गाचा अधीक्षक प्रत्येक माणसाला नावाने ओळखतो, प्रत्येक गोष्ट स्वतः जाऊन पाहतो. पाचशे मैलांच्या मार्गावर हे अशक्य. तेथे अधीक्षकाच्या डोळ्यांची जागा एखाद्या पद्धतीने घ्यायला हवी.

मॅक्कॅलमने मार्गाचे विभाग पाडले, प्रत्येक विभागाच्या प्रमुखाला त्याच्या हद्दीतील निर्णयाचे अधिकार दिले आणि तारायंत्राने नियमित अहवाल मागवायला सुरुवात केली. १८५५ मध्ये त्याने ही व्यवस्था चित्ररूपात काढून घेतली. आधुनिक कंपनीचा पहिला संघटना-तक्ता म्हणून ते चित्र ओळखले जाते. आजच्या तक्त्यात साहेब वर आणि कामगार खाली असतात. त्या चित्रात मात्र झाड होते. संचालक मंडळ मुळाशी आणि मार्गावर काम करणारी माणसे वर पसरलेल्या फांद्यांवर.

पायऱ्या का लागतात, याचेही गणित आहे. व्ही. ए. ग्रैकुनास याने १९३३ मध्ये दाखवले की एका प्रमुखाच्या हाताखाली माणसे वाढली की आपसांतील संबंधांची संख्या त्याहून कितीतरी वेगाने वाढते. माणसे n असतील तर संबंध n(२^(n−१) + n − १). चार माणसांना ४४, पाचांना १००, सहांना २२२. एक माणूस वाढला आणि गुंतागुंत दुपटीहून अधिक झाली. म्हणून मधले प्रमुख नेमावे लागतात. पण प्रत्येक मधली पायरी ही माहितीला लागणारी एक चाळणीही असते. पायऱ्या कमी तर गोंधळ, जास्त तर आंधळेपणा. रचना करणाऱ्याची खरी कसोटी येथे लागते.

वऱ्हाडातील दोन प्रयोग

वऱ्हाडातील कापसाच्या बाजाराला नियमांची पहिली चौकट मिळाली ती कारंज्याला, १८८६ मध्ये. पुढे १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा झाला. काटा, वजने, दलाली, बाजाराची जागा यांवर समितीची देखरेख आली. देशातील नियंत्रित बाजारांची ही सुरुवात मानली जाते. पण समितीवर बसत ते व्यापारी आणि नगरपालिकेचे प्रतिनिधी. ज्याचा कापूस, त्याला जागा नव्हती. वजनाची चूक त्याच्या खिशातून जाई, ती पकडण्याचा अधिकार मात्र दुसऱ्याकडे.

दुसरा प्रयोग याच्या अगदी उलट टोकाचा. महाराष्ट्राने १९७१ मध्ये कायदा करून १९७२-७३ च्या हंगामापासून कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू केली. राज्यातील सर्व कापूस सरकारच्या वतीने सहकारी पणन महासंघाने घ्यायचा, शेतकऱ्याला हमीभाव द्यायचा, जिनिंग-प्रेसिंग करून गाठी विकायच्या. नफा झाला तर त्याचा ७५ टक्के भाग शेतकऱ्यांना आणि २५ टक्के भाव-चढउतार निधीला; तोटा झाला तर तो सरकारचा. १९८४-८५ पासून हे काम कापूस उत्पादकांच्या स्वतंत्र पणन महासंघाकडे आले.

चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येक यवतमाळकराच्या मनात या योजनेच्या आठवणी आहेत. केंद्रावरच्या रांगा, गाडीखाली काढलेल्या रात्री, ग्रेडरची प्रतीक्षा, चुकाऱ्याची वाट. तिचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. भाव आधी माहीत असे, आणि गरजू शेतकऱ्याला अडवून मातीमोलाने कापूस घेण्याला तिने पायबंद घातला. मग ती खचली का?

झाडाच्या चित्रावर बोट ठेवून पाहू. फांदीच्या टोकाला केंद्र आणि तेथील ग्रेडर. मूठभर कापूस हातात घेऊन तो प्रत ठरवी. धाग्याची लांबी, ओलावा, काडीकचरा ही सारी माहिती त्याच्या बोटांत आणि डोळ्यांत. भाव मात्र मुंबईत ठरे, आणि तो ठरवताना गाठी कितीला विकल्या जातील यापेक्षा निवडणुका आणि आंदोलने यांचा विचार पुष्कळदा वरचढ ठरे. नफातोट्याचा हिशेब होई तो सबंध राज्याचा. घाटंजीच्या केंद्रावर प्रत चोख लावली काय किंवा ओला कापूस चांगल्या ढिगात गेला काय, त्याचा वेगळा परिणाम घाटंजीच्या शेतकऱ्याला दिसायचा नाही. आपल्या गणितातील साडेसहा ग्रॅम ते हेच. ढीग मात्र आता लाखो शेतकऱ्यांचा होता.

आणि ढिगाला कुंपण नव्हते. घाटंजीहून दक्षिणेला गेले की पैनगंगा लागते. तिच्या पलीकडे आदिलाबाद, तेव्हाच्या आंध्र प्रदेशात, आज तेलंगणात. बाहेर भाव चढले की कापूस रातोरात नदी ओलांडून तिकडे जाई. बाहेर भाव पडले की उलट दिशेने येई. परिणामी महासंघाकडे कापसाचा पूर येई तो नेमका मंदीच्या वर्षी. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात जागतिक भाव घसरले, तेव्हा तोट्याचे ओझे सरकारी तिजोरीला पेलवेना. २००२ च्या सुमारास खाजगी खरेदीला वाट मोकळी झाली आणि एकाधिकार संपला.

भ्रष्टाचारामुळे योजना बुडाली, असे उत्तर आपण चटकन देतो. ते अपुरे आहे. त्या रचनेत प्रामाणिक ग्रेडरला बक्षीस नव्हते आणि निष्काळजी ग्रेडरचा तोटा कोणाच्याच पदरी स्पष्ट पडत नव्हता. अशा रचनेत सज्जन माणूसही दमून जातो.

नवी फांदी

२००२ मध्येच कंपनी कायद्यात दुरुस्ती होऊन ‘उत्पादक कंपनी’ हा नवा प्रकार आला. किमान दहा उत्पादक एकत्र येऊन ती स्थापू शकतात. शेतकरी सभासदाचे शेअर कितीही असोत, मत एकच. संचालक पाच ते पंधरा. रोजचा कारभार पाहण्यासाठी पूर्णवेळ मुख्याधिकारी, आणि तो सभासदांबाहेरचा असावा अशी अट. मालाच्या किमतीचा काही भाग राखून ठेवून नंतर देता येतो आणि कंपनीशी ज्याने जेवढा व्यवहार केला त्या प्रमाणात बोनस वाटता येतो. २०२० मध्ये केंद्र सरकारने अशा दहा हजार शेतकरी संघटना उभारण्याची योजना आखली. यवतमाळ जिल्ह्यातही अशा कंपन्या निघाल्या आहेत.

शेतकरी आत्महत्यांमुळे देशाला माहीत झालेल्या या जिल्ह्यात त्यांच्यावर मोठ्या आशा आहेत. पण कायदा फक्त रोप देतो. फांद्या कशा पसराव्यात हे सभासदांनीच ठरवायचे आहे. घाटंजी तालुक्यातील शेतकऱ्यांनी कापसाची कंपनी काढली, तर तिने काय करावे? ढीग गावागणिक वेगळा ठेवावा. ओलावा मापकाने मोजून शेतकऱ्यासमोर पावतीवर लिहावा. प्रत्येक गावच्या ढिगातून १०० किलोंमागे किती रुई निघाली, ३३ की ३५, हे त्या गावच्या फळ्यावर लावावे. राखून ठेवलेली रक्कम वाटताना हा आकडा जमेस धरावा. विक्री केव्हा करायची हे मुख्याधिकाऱ्याने ठरवावे, पण त्याचा हिशेब दर महिन्याला गावात वाचला जावा. यातील कोणत्याही गोष्टीला मोठे भांडवल लागत नाही. फळा, खडू आणि मापक पुरतात.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. आठवी-नववीच्या वर्गाला आपल्या गावातील दूध संस्थेचे, बचत गटाचे किंवा ग्रामपंचायतीचे झाड काढायला सांगा. मग प्रत्येक फांदीपाशी तीन प्रश्न लिहायला लावा. येथे काय माहीत असते? येथे काय ठरते? येथे चूक झाली तर ती कोणाला भोवते? ज्या फांदीवर तिन्ही उत्तरे तीन वेगळ्या माणसांकडे बोट दाखवतील, तेथे मुलांना थोडे थांबवा. एक गाठ १७० किलो रुईची असते आणि तिला सुमारे पाच क्विंटल कापूस लागतो, हे मुले पाठ करतील. ती गाठ कोणाकोणाच्या निर्णयांनी बांधली गेली, हेही त्यांनी शोधायला शिकावे. कारण उद्या त्या कंपनीच्या सभेत मत द्यायला त्यांच्यापैकीच कोणीतरी बसणार आहे.