माल्टाचा ताप आणि दारोदारच्या शेळ्या

भूमध्य समुद्रात, सिसिलीच्या दक्षिणेस, माल्टा नावाचा लहानसा द्वीपसमूह आहे. गलबत फुटल्यावर संत पौल ज्या बेटाच्या किनाऱ्याला लागला ते हेच, अशी परंपरा आहे. त्या बेटाच्या प्रमुखाचा पिता तापाने व आमांशाने अंथरुणास खिळला होता आणि पौलाने त्याला बरे केले, असे 'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात आपण वाचतो. तो ताप कोणता होता हे सांगण्याचा मोह कित्येकांना होतो. आपण तो आवरलेला बरा. मात्र पुढे अठराशे वर्षांनी 'माल्टाचा ताप' या नावाने हे बेट जगाच्या वैद्यकग्रंथांत जाऊन बसले, ती हकीकत सांगण्याजोगी आहे.

माल्टाचे क्षेत्रफळ अवघे ३१६ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या बृहन्मुंबईहूनही कमी. अशा चिमुकल्या देशांच्या आरोग्याचे प्रश्न निराळे असतात हे ओळखून जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने त्यांचा एक गट बांधला. त्याची पहिली बैठक २०१४ साली सान मारिनो येथे आणि चौथी २०१७ साली माल्टातच भरली. लहान देशात सर्वांना सारखे आरोग्य मिळणे सोपे असावे, असे वरवर वाटते. माणसे थोडी, अंतरे थोडी. पण माल्टाचा इतिहास वेगळे सांगतो.

सन १८०० पासून हे बेट इंग्रजांच्या ताब्यात होते. त्यांच्या आरमाराचा तो मोठा तळ होता आणि बराकी सैनिकांनी भरलेल्या असत. या सैनिकांना एक विचित्र ताप येई. तो चढे, उतरे, रोगी उठून बसे आणि पुन्हा चढे. घामाने अंथरूण भिजे, सांधे धरत, मन खचून जाई. मृत्यू फारसे होत नसत. पण धडधाकट जवान महिनोन् महिने इस्पितळात पडून राही. बेटावरच्या लोकांनाही हाच ताप येत असे. त्यांच्या आजाराची मोजदाद मात्र सैनिकांच्या इतकी काटेकोर कोणी ठेवत नव्हते.

डेव्हिड ब्रूस हा लष्करी डॉक्टर १८८४ साली माल्टात आला. मृत सैनिकांच्या प्लीहेतून त्याने या तापाचा जंतू वेगळा काढला व १८८७ साली तो जगापुढे मांडला. जंतू सापडला, पण तो माणसाच्या पोटात शिरतो कोठून, हे कोडे पुढे अठरा वर्षे सुटले नाही. धूळ, गटारांची हवा, डास, सर्वांवर संशय घेऊन झाला. अखेर १९०४ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या देखरेखीखाली चौकशी मंडळ नेमण्यात आले. त्यात थेमिस्टोक्लिस झामित हे माल्टाचे सुपुत्र होते. हे गृहस्थ वैद्य तर होतेच, शिवाय थोर पुरातत्त्वज्ञ. तार्शिन येथील प्राचीन मंदिरांचे उत्खनन पुढे त्यांनीच केले.

१९०५ च्या जूनमध्ये झामित यांनी प्रयोगासाठी काही शेळ्या घेतल्या. दिसायला त्या ठणठणीत होत्या. दुधाला कमी नाही, चाऱ्याला नको म्हणणे नाही. त्यांचे रक्त तपासले तेव्हा सहांपैकी पाचांच्या रक्तात या तापाची खूण मिळाली. लवकरच जंतू दुधातही आढळले. ज्या जनावरावर कोणाचाच संशय नव्हता, त्याच्याच आचळातून रोग घरोघर वाटला जात होता.

घरोघर हा शब्द येथे शब्दशः घ्यायचा. बेटावर गाईंना पुरेल असे कुरण नव्हते. शेळीवाला आपला कळप घेऊन सकाळी वालेटा शहराच्या अरुंद गल्ल्यांतून फिरे. दारात शेळी उभी करून गृहिणीच्या डोळ्यांदेखत धार काढून देई. गरज पडली तर जिने चढवून शेळी वर नेई. दुधात पाणी नाही याची याहून चांगली खात्री कोणती? ते दूध धारोष्णच पीत. आपल्याकडे दूध तापवल्यावाचून पोरांच्या हाती देत नाहीत. तेथे तापवलेल्या दुधाची चव कोणाला आवडत नसे आणि जळणही महाग होते.

आता पुढचा भाग. १९०६ साली छावणीत शेळीचे दूध बंद झाले आणि सैनिकांना डब्यातले आटवलेले दूध मिळू लागले. एका वर्षात ताप ओसरला. १९०५ साली सहाशेहून अधिक सैनिक आजारी पडले होते. १९०७ पर्यंत ही संख्या बोटांवर मोजण्याइतकी उरली. ना औषध, ना लस, एक हुकूम पुरला. वैद्यकाच्या इतिहासात इतके स्वस्त यश विरळाच.

तटबंदीबाहेर मात्र शेळ्या पूर्वीसारख्याच दारोदार फिरत होत्या. त्या वेळी सुमारे दोन लाख लोक बेटावर राहत होते. त्यांना उपदेश मिळाला: दूध उकळून प्या. डब्याचे दूध गरीब घराला परवडणारे नव्हते आणि उकळण्याचा उपदेश चुलीपर्यंत पोहोचला नाही. दरवर्षी शेकडो लोक तापाने फणफणत राहिले. ज्ञान सर्वांना एकाच वर्षी झाले; उपाय एकांना वर्षभरात मिळाला आणि दुसऱ्यांना तो मिळायला तीस वर्षांवर काळ लोटला.

सगळा दोष परक्या सत्तेच्या माथी मारून मोकळे होणे मला पटत नाही. १९२१ साली माल्टाला अंतर्गत स्वराज्य मिळाले; पण निरशा दुधावर सरसकट बंदी घालण्याचे धाडस स्वकीय मंत्र्यांनाही झाले नाही. शेळ्या हीच ज्यांची शेती, अशी कुटुंबे बेटावर पुष्कळ होती. लहान देशात शेळीवाला हा मंत्र्याचा कोणी तरी नातलग किंवा शेजारी असतो. शिवाय रोगी जनावर मारले तर भरपाई कोण देणार? सैनिकाला हुकूम देता येतो. विधवेची एकुलती शेळी हिरावून तिला काय द्यायचे, याचे उत्तर हुकुमात नसते. तरीही राज्यकर्त्यांनी छावणीसाठी जेवढा पैसा व तत्परता दाखवली, त्याचा काही अंश गावांसाठी दाखवला असता तर कित्येक घरांचे हाल वाचले असते, हेही तितकेच खरे.

अखेर १९३८ साली हम्रून येथे दूध पाश्चराइझ करण्याचे सरकारी केंद्र उभे राहिले. शेळीवाल्याचे दूध तेथे विकत घेतले जाऊ लागले. त्याचे पोटही चालले आणि लोकांना निर्धोक दूधही मिळू लागले. येथे मात्र देशाचे लहानपण कामी आले. एका केंद्राने सुरुवात होऊ शकली. निरसे दूध विकण्यास आधी राजधानीत मनाई झाली आणि मग ती हळूहळू इतरत्र पसरली. महायुद्धानंतरच्या काळात ताप उतरणीला लागला. शेळ्यांचे कळप रस्त्यांवरून नाहीसे झाले. झामित १९३५ सालीच निवर्तले होते. हे दूधकेंद्र त्यांना पाहता आले नाही. आजाराला 'ब्रुसेलोसिस' हे नाव ब्रूस यांच्यावरून पडले. शेळीचा शोध लावणाऱ्याची आठवण माल्टाबाहेर फार थोड्यांना आहे.

१९६४ साली माल्टा स्वतंत्र झाला. त्यानंतर एकतीस वर्षांनी, १९९५ मध्ये, हा विसरलेला ताप पुन्हा उपटला. शंभराहून अधिक माणसे आजारी पडली व एक दगावले. शोध घेतला तेव्हा बोट बेटावरच्या घरगुती ताज्या चीजकडे वळले. ते पाश्चराइझ न केलेल्या दुधाचे होते.