माळव्यातल्या गोधडीचे कूळ

जुन्या सुती कापडाचे चार-सहा पदर एकावर एक पसरून ते धावदोऱ्याने एकजीव केले की गोधडी होते. लेप, दुलई, रजई ही तिची भावंडे, पण त्यांच्या पोटात पिंजलेला कापूस असतो. त्यासाठी पिंजारी लागतो, त्याची धुनकी लागते आणि रोख पैसे लागतात. गोधडीत निराळे भरण नसते, कापडच कापडाच्या पोटात जाते. म्हणून ती कारागिराच्या दुकानात घडली नाही, घराच्या ओसरीवर घडली. देशावर तिला वाकळ म्हणतात, बेळगाव-विजापूरकडे कौदी, तर उज्जैन-इंदूरच्या बाजूला गोदडी किंवा गुदडी.

उज्जैनला तिची गरज बारमाही असते. माळव्याच्या पठारावर दिवस कितीही तापला तरी रात्र उतरते. ‘शब-ए-मालवा’ची, म्हणजे माळव्याच्या रात्रीची, ख्याती त्यामुळेच झाली. अशा रात्री घोंगडी जड होते आणि चादर अपुरी पडते.

अवंतीचे, म्हणजे प्राचीन माळव्याचे, जुने अंथरूण मात्र कापडाचे नव्हते. बौद्धांच्या विनयपिटकातील महावग्गात याची नोंद आहे. बुद्धाचा एक प्रमुख शिष्य महाकात्यायन उज्जयिनीचा, राजा चंडप्रद्योताच्या पुरोहिताचा मुलगा. अवंतीतील भिक्षूंसाठी काही नियम सैल करावेत, असे त्याने सोण नावाच्या शिष्याकरवी बुद्धाला कळवले. त्यात एक मागणी अंथरुणाची होती. अवंतीत मेंढी, बकरी आणि हरीण यांची कातडी अंथरायची रीत आहे, ती भिक्षूंनाही असू द्यावी. बुद्धाने ती मान्य केली.

गोधडीचे तंत्र त्याच ग्रंथात, चीवराच्या प्रकरणात सापडते. भिक्षूचे वस्त्र तुकडे कापून, मगधातील बांध घातलेल्या शेतांसारखी आखणी करून शिवावे, असा नियम आहे. त्याहून मोलाचा नियम पदरांचा. कापड नवे असेल तर संघाटी, म्हणजे वरचे जाड वस्त्र, दुपदरी करावी. जुने, विरलेले असेल तर चौपदरी. कापड जितके झिजलेले तितके पदर जास्त, हा हिशेब आजही गोधडी शिवणारी बाई कुणी न सांगता करते. अडीच हजार वर्षांच्या या कुळात तेवढी एक गोष्ट अजिबात बदललेली नाही.

भिक्षूंचे हे वस्त्र पुढे जोग्यांच्या अंगावर कंथा, म्हणजे ठिगळांचे वस्त्र, होऊन आले. उज्जैनचा राजा भर्तृहरी राज्य सोडून नाथपंथी झाला, अशी कथा आहे. क्षिप्रेच्या काठी त्याच्या नावाची गुहा दाखवतात आणि जवळच मत्स्येंद्रनाथांची म्हणून मानली जाणारी समाधी आहे. भर्तृहरीच्या नावावरील शतककाव्यांमध्ये कंथेचा उल्लेख येतो. राजा आणि गुहेतला जोगी एकच होते का, हा वाद बाजूला ठेवला तरी चालेल, कारण गोधडीच्या इतिहासाला त्यातली कंथा पुरते. शैव साधूंमध्ये गूदड नावाची एक शाखाच आहे. दर बारा वर्षांनी सिंहस्थाला क्षिप्रेकाठी जमणाऱ्या साधूंच्या खांद्यावर गुदडी दिसते. महाराष्ट्रात हीच परंपरा गाडगे महाराजांपर्यंत, 1876 ते 1956 या काळापर्यंत आली. ठिगळांचा अंगरखा ही त्यांची ओळख होती. वैराग्याची ही गोधडी आणि घरातली गोधडी शिवायची रीत सारखीच. फरक चिंध्या कुठून येतात एवढाच. साधूच्या चिंध्या दारोदारच्या असतात, घरातल्या गोधडीत घरचीच माणसे असतात.

अठराव्या शतकात मराठे माळव्यात आले आणि उज्जैन शिंद्यांची राजधानी झाले. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी 1734च्या सुमारास महाकाल मंदिर पुन्हा उभारले. 1810च्या सुमारास दौलतरावांनी राजधानी ग्वाल्हेरला नेली, तरी उज्जैनची अनेक मराठी घरे तिथेच राहिली. त्यांच्याबरोबर नऊवारी लुगडे आले आणि गोधडीला त्यासारखे कापड नाही. साधारण आठ मीटर लांबीचे, कुठेही न कापलेले, रोजच्या धुण्याने मऊ झालेले ते एक लुगडे दुमडले की दोन-तीन पदर निघतात. माळवी घागऱ्याचे कापड कळ्या-कळ्यांनी कापलेले असते. त्याचे तुकडे मिळतात, त्यामुळे ते ठिगळांना उत्तम आणि अस्तराला अडचणीचे.

शिवायची रीत दिसायला सोपी आहे. सर्वात धड लुगडे खाली अस्तर म्हणून जमिनीवर ताणून पसरतात आणि चारी कोपऱ्यांवर वजन ठेवतात. त्यावर विरलेली धोतरे, फाटके सदरे, उसवलेले परकर अंथरतात. शिवणी, गुंड्या आणि जाड काठ आधीच काढून टाकलेले असतात, नाहीतर सुई तिथे अडते. भोक पडले असेल त्यावर दुसऱ्या कापडाचा सलग भाग यावा, अशी ही मांडणी असते. सगळ्यांत वर डोळ्यांना बरे दिसेल ते कापड. मग लांब कच्च्या टाक्यांनी सगळे पदर जागच्या जागी धरून ठेवायचे, कडा आत मुडपायच्या आणि कडेपासून धावदोरा सुरू करायचा. चारी बाजूंनी फेरी पूर्ण झाली की बोटभर आत दुसरी फेरी, तिच्या आत तिसरी, असे करत शेवटी मध्याला पोचायचे.

इथे कसब डाव्या हाताचे. तो गोधडीखाली असतो. सुईचे टोक बोटाला लागले की सगळे पदर ओलांडले हे कळते आणि त्याच क्षणी सुई वर वळवायची. बोटाला टोक लागलेच नाही तर खालचा पदर सुटला. अंगुस्तान उजव्या हाताच्या बोटात घालतात. खालच्या बोटावर ते घातले तर टाका कळत नाही, म्हणून त्या बोटाला घट्टा पडतो. दोरा फार ओढला तर चुण्या पडतात आणि गोधडी आखडते. ढिला ठेवला तर पहिल्याच धुण्यात पदर आत गोळा होतात.

अशा गोधड्या जगभर आहेत. बंगालची नक्षीकंथा, बिहारची सुजनी आणि सिंधची रल्ली या जवळच्या. सोळाव्या-सतराव्या शतकांत पोर्तुगीजांनी बंगालची रेशमी भरतकामाची पांघरुणे लिस्बनला नेली, पण ती श्रीमंतांची मिरवायची वस्तू होती. मराठी गोधडीच्या सर्वात जवळची म्हणायची ती उत्तर कन्नडमधील सिद्दी स्त्रियांची कवंद. तीही कडेकडून आत शिवत नेतात आणि तिच्या कोपऱ्यांवर दुमडलेल्या कापडाची त्रिकोणी फुले लावतात. आफ्रिकी वंशाच्या या समाजाने इथल्या जुन्या लुगड्यांतून स्वतःची रंगसंगती घडवली आणि ती मराठी गोधडीपेक्षा धीट आहे, हे कबूल करावे लागते.

विसाव्या शतकात उज्जैन कापडगिरण्यांचे गाव होते. विनोद मिल, हीरा मिल ही नावे गावाच्या तोंडी होती. गिरण्या बंद पडल्या, विनोद मिलला 1996मध्ये टाळे लागले आणि स्वस्त सुती कापड घरोघरी येणे आटले. त्याआधीच पॉलिएस्टरची साडी आली होती. ती फाटत नाही, म्हणून गोधडीत जायला तयार होत नाही. गेलीच तर पदर एकमेकांवरून घसरतात आणि घाम टिपला जात नाही. गोधडी मागे पडली याचे खापर आळशीपणावर फोडतात, पण खरे कारण कपाटात आहे.

शिकवणीचा इतिहास त्यामानाने अगदी अलीकडचा. पूर्वी गोधडी कुणी कुणाला शिकवत नसे. उन्हाळ्यात शेतीची कामे उरकली की शेजारणी जमत, एका गोधडीच्या चारी बाजूंना चौघी बसत आणि पोरींच्या वाट्याला सुईत दोरा ओवायचे काम येई. पुढे कच्चे टाके घालायला मिळत आणि त्यानंतर एखादी कड. वाकडा टाका पडला तर आजी न बोलता उसवून टाकी. आज नवशिक्यांचे गट एका वेळी, एकाच वयाचे, एकाच पायरीवर बसतात. त्यांच्यात चुकलेला टाका ओळखणारी शेजारीण नसते. म्हणून शिकवणाऱ्याने मोठी गोधडी हाती देऊच नये. हातभर लांब-रुंद, तीन पदरांचे तान्ह्या बाळाचे दुपटे आधी करून घ्यावे. त्यात चारी कोपरे वळवावे लागतात, फेऱ्या मोजक्या होतात आणि चूक लवकर दिसते. आखलेल्या रेघेवर शिवायला लावू नये, आधीच्या फेरीवर बोट ठेवून अंतर राखायला शिकवावे; रेघेची सवय लागली की डावा हात काम सोडून देतो.

कापडाचा प्रश्न उज्जैनमध्ये तरी सुटण्यासारखा आहे. क्षिप्रेकाठच्या भैरवगढमध्ये छिपे मेणाची बाटिक करतात. 2023मध्ये उज्जैन बाटिकला भौगोलिक मानांकन मिळाले. मेण आणि रंग नैसर्गिक धाग्यावरच नीट धरतात, म्हणून तिथल्या चादरी सुती असतात. दहा-बारा वर्षे वापरून विरलेली अशी एक चादर घेतली तर तिच्यात नवशिक्यांची चार दुपटी सहज निघतात.