स्वल्प खर्चांत एक राजधानी

अलीकडे आमच्या मध्यमवर्गांत जपानची यात्रा हा एक नवाच कुलाचार होऊं पाहत आहे. पूर्वीं काशी-रामेश्वर झालें म्हणजे माणूस कृतार्थ होई. आतां मुलगा अगर मुलगी नोकरीस लागली कीं थोडक्या पैशांत नारा आणि क्योतो कसें पाहून घ्यावें याचीं टिपणें घरोघर तयार होतात. त्याविरुद्ध मला कांहींच म्हणावयाचें नाहीं. नारा हें पाहण्याच्या योग्यतेचेंच नगर आहे. इ. स. ७१० पासून ७८४ पर्यंत, म्हणजे अवघीं चौऱ्याहत्तर वर्षें, तें जपानची राजधानी होतें. तेवढ्या अवधींत तोदाइजीची प्रचंड बुद्धमूर्ति उभी राहिली, आणि ७५२ सालीं तिच्या नेत्रोन्मीलनाचा विधि ज्याच्या हस्तें झाला तो बोधिसेन नांवाचा भिक्षु हिंदुस्थानांतून तेथें गेलेला होता. देवळें राहिलीं; राजवाडा मात्र पुढें भातशेतांखालीं गेला. त्या शेतांखालीं आपली जुनी राजधानी आहे आणि ती राखली पाहिजे, या एका ध्यासापायीं तानादा काजुरो नांवाच्या एका माळ्यानें गेल्या शतकाच्या आरंभीं आपलें सारें आयुष्य वेंचलें.

१९९८ सालीं नाऱ्याच्या प्राचीन वास्तूंस, आणि त्या राजवाड्याच्या जागेसही, जागतिक वारशाचा मान मिळाला. त्याच सालीं, जुलैच्या पहिल्या तारखेस, आमच्या वऱ्हाडांत अकोला जिल्ह्याची वांटणी होऊन वाशीम जिल्हा पुन्हा अस्तित्वांत आला. ‘पुन्हा’ म्हणण्याचें कारण, १९०५ पर्यंत तो जिल्हा होताच. या दोन गोष्टींचा परस्परांशीं संबंध नाहीं हें मी जाणतों. परंतु वाशीम हेंही एके काळीं राजधानीचें नगर होतें, आणि तें नाऱ्याच्या सुमारें साडेतीनशें वर्षें आधीं, ही गोष्ट नाऱ्याचीं टिपणें करणाऱ्या किती घरांत ठाऊक असेल याची मला शंका आहे.

वाशीमची यात्रा स्वस्त आहे हें सांगावयास नकोच. अकोल्याहून एस. टी. ची गाडी आहे. पूर्णा-अकोला मार्ग २००८ सालीं रुंद झाल्यापासून आगगाडीचीही चांगली सोय झाली आहे. गांवांत पाहण्याजोगें पुष्कळ आहे. भोसल्यांच्या पदरीं दिवाणगिरीपर्यंत चढलेल्या भवानी काळू यानें अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत बांधलेलें बालाजीचें देऊळ आहे. येथील मूर्ति औरंगजेबाच्या काळीं भयानें पुरून ठेविल्या होत्या व पुढें अवचित सांपडल्या, अशी लोकांत आख्यायिका आहे. पद्मतीर्थ आहे, देवतलाव आहे. मध्यमेश्वराचें देऊळ आहे. पृथ्वीची मध्यरेषा या स्थानावरून जाते अशी समजूत आहे, आणि लंकेपासून मेरूपर्यंत जाणाऱ्या रेषेवर आमच्या जुन्या ज्योतिर्गणितकारांनींही वत्सगुल्माचें नांव घेतलेलें आहे. सकाळीं उतरलेला प्रवासी हें सर्व पाहून संध्याकाळीं परत जाऊं शकतो, आणि जातोही. पण तो जें पाहून गेला तें बहुतांशीं मराठेशाहींतलें वाशीम. चौथ्या-पांचव्या शतकांतलें वत्सगुल्म त्याला दिसलेंच नाहीं. वाकाटकांचा हा वाडा, हा कोट, असें म्हणून बोट दाखवावें असें जमिनीवर तेथें कांहीं उभें नाहीं. ही राजधानी डोळ्यांनीं पाहण्याची नव्हेच. ती वाचावी लागते.

वाचावयाची ती प्रथम एका ताम्रपटांत. सम्राट पहिला प्रवरसेन याच्यामागें वाकाटकांचें राज्य विभागलें गेलें. एक शाखा नागपूरच्या बाजूस नंदिवर्धनाकडे राहिली, आणि त्याचा पुत्र सर्वसेन यानें वत्सगुल्म येथें दुसरी गादी स्थापिली. परंतु ही दुसरी गादी म्हणून कांहीं होती हेंच १९३९ पर्यंत इतिहासकारांस नीट ठाऊक नव्हतें. त्या वर्षीं वाशीम येथेंच सर्वसेनाचा पुत्र विंध्यशक्ति याचा, त्याच्या राज्यवर्ष ३७ मधील, ताम्रपट सांपडला. दान वत्सगुल्माहूनच दिलेलें आहे. गांव आकासपद्द, नंदिकडाच्या, म्हणजे आजच्या नांदेडच्या, उत्तर मार्गांतलें. घेणारे अथर्ववेदी ब्राह्मण. भाषा तर फारच बोलकी आहे. राजाची वंशावळ संस्कृतांत आहे, आणि पुढचा सारा व्यवहार प्राकृतांत! थोरवी सांगावयाची ती देववाणींत, आणि कारकुनाला व गांवकऱ्याला जें कळलें पाहिजे तें त्यांच्या भाषेंत. आमच्या कचेऱ्यांना हा विवेक पुढें कितीतरी शतकें सुचला नाहीं.

या प्राकृत भागांत दान दिलेल्या गांवास मिळालेल्या सवलतींची एक लांबलचक यादी आहे, आणि माझ्या मतें संबंध ताम्रपटांत तीच अत्यंत मोलाची. या गांवांत सैनिकांनीं शिरूं नये. मिठासाठीं जमीन खणूं नये. फुलें आणि दूध मागूं नये. गाईबैल वेठीस धरूं नयेत. चामडें आणि कोळसे घेऊं नयेत. खाटा आणि भांडीं मागूं नयेत. नकारांच्या या माळेंतून त्या काळचा सारा व्यवहार उलटा वाचतां येतो. राजपुरुष फिरतीवर निघाला म्हणजे गांवच्या खाटेवर निजे, गांवच्या भांड्यांत शिजवी, गांवच्या कोळशावर आणि गांवच्या दुधावर त्याचा मुक्काम चाले. पदरचा पैसा न खर्चितां प्रवास करण्याची विद्या आमच्या मुलांनीं शोधून काढली असें कोणी समजूं नये! सवलत मिळाली ती एका आकासपद्दाला. शेजारच्या गांवांनीं त्या खाटा आणि तें दूध किती पिढ्या पुरविलें असेल, याचा हिशेब कोणत्याही ताम्रपटावर कोरलेला नाहीं.

सर्वसेन हा नुसता राजा नव्हता. त्यानें ‘हरिविजय’ नांवाचें प्राकृत काव्य लिहिलें. तें आज लुप्त आहे, पण आनंदवर्धनासारख्या साहित्यशास्त्रज्ञानें त्याची दखल घेतली आहे. ज्या वैदर्भी रीतीचा संस्कृत कवींना एवढा अभिमान, तिला प्राकृतांत ‘वच्छोमी’ असें नांव पडलें तें या वत्सगुल्मावरूनच. राजशेखराच्या ‘कर्पूरमंजरी’त तें आढळतें. त्याच राजशेखरानें ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुषाचा साहित्यविद्येशीं विवाह लावावयाचा तर त्यासाठीं वत्सगुल्म हेंच नगर निवडलें. एका गांवाचें नांव भाषेच्या शैलीला मिळावें, हा मान किती गांवांच्या वांट्यास येतो? शिवाय वाशीमजवळ हिस्सेबोराळा येथें राजा देवसेनाच्या काळचा, शक ३८० चा शिलालेख मिळालेला आहे. त्यांत सुदर्शन नांवाच्या जलाशयाचा उल्लेख आहे. गिरनारच्या पायथ्याशीं असलेल्या सुप्रसिद्ध तलावाचेंच नांव कोणा हौशी अधिकाऱ्यानें येथें आणलेलें दिसतें.

येथें आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. आम्हां इंग्रजी शिकलेल्यांस स्थलमाहात्म्यांविषयीं एक प्रकारचा तिटकारा असतो. वाशीमचेंही माहात्म्य आहे. त्यांत वत्स ऋषि आहेत, देव आहेत, शंभरावर तीर्थें आहेत. इतिहास म्हणून त्याचा उपयोग नाहीं हें खरें. ‘कामसूत्रा’च्या टीकाकाराला तर वत्स आणि गुल्म हे दक्षिणापथांतले दोन राजपुत्र वाटतात; म्हणजे पंडितांतही एकमत नाहींच. पण वाकाटकांचें राज्य बुडालें, त्यांची स्मृतिही गेली, तरी वाशीम म्हणजे वत्सगुल्म हें समीकरण शतकानुशतकें जपलें तें पुराणिकांनीं आणि तीर्थोपाध्यायांनीं. ताम्रपटांत ‘वत्सगुल्म’ ही अक्षरें दिसतांच तें गांव कोणतें याविषयीं विद्वानांस फार शोध करावा लागला नाहीं, याचें अर्धें श्रेय या माहात्म्याच्या पोथीला दिलें पाहिजे. नाऱ्याला तो माळी भेटला. वाशीमला हे भटजी भेटले.

वाशीमच्या यात्रेंत ज्याचे पैसे उरतील त्यानें ते अजिंठ्याच्या वाटेवर खर्चावे, कारण या राजधानीचा दृश्य भाग तेथें आहे. नाऱ्याजवळच्या होर्युजी मंदिरांत जीं जुनीं भित्तिचित्रें होतीं, त्यांची तुलना अनेक कलापंडितांनीं अजिंठ्याच्या चित्रांशीं केली आहे. तीं चित्रें १९४९ च्या जानेवारींत आगींत होरपळून गेलीं. अजिंठ्याचीं अद्याप आहेत, आणि तेथील सोळावें लेणें वत्सगुल्माचा राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव यानें कोरविलेलें आहे. त्या लेण्याच्या ओसरीबाहेर, डाव्या अंगाच्या भिंतीवर, वराहदेवाचा लेख आहे. प्रवासी बहुधा त्याच्याकडे पाठ करून आंत जातात. अक्षरें फार झिजलेलीं आहेत. गेल्याच्या मागच्या शतकांत भगवानलाल इंद्रजी आणि ब्यूलर यांच्यासारख्या जाणत्यांनीं तीं वाचलीं. पण त्यांत वत्सगुल्मकर्त्या सर्वसेनाचें नांव आहे हें त्यांच्या ध्यानांत आलें नाहीं. वाशीमचा ताम्रपट निघाल्यावर वासुदेव विष्णु मिराशी यांनीं तो लेख नव्यानें लावला, तेव्हां तें नांव सांपडलें. चौदाशेंहून अधिक वर्षें तें त्या भिंतीवरच होतें.