सड्यावरचा सरडा

सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळ्याच्या नागपंचमीची ख्याती दूरवर पसरली होती. जिवंत नाग पाहावयास व त्यांची छायाचित्रे घ्यावयास परदेशचे प्रवासीही तेथे येत असत. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा व त्यानंतरचे मुंबई उच्च न्यायालयाचे आदेश यांमुळे नाग पकडण्याच्या प्रथेस आळा बसला. नागाच्या वाट्यास पूजा आली, सरड्याच्या वाट्यास पोरांचे दगड! त्यातून शेजारच्या सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडीच्या सड्यावर राहणाऱ्या सरड्याला तर २०१६ पर्यंत शास्त्रात स्वतंत्र नावही नव्हते.

या कुळाची शास्त्रीय ओळख प्रथम परदेशात झाली. १८२९ साली क्युव्हिए या फ्रेंच पंडिताने सिताना हे नाव रूढ केले व जातीला पाँडिचेरीचे नाव दिले. मद्रासच्या लष्करात वैद्य असलेल्या जर्डनने १८७० साली दख्खनच्या सरड्यास वेगळी जात म्हणून नोंदले. परंतु त्याचे म्हणणे टिकले नाही, आणि दीर्घकाळ हे सारे सरडे पाँडिचेरीच्याच नावाखाली मोडत राहिले. याचे एक कारण उघड आहे. मद्यार्कात बुडविलेल्या प्राण्याचे रंग उडून जातात, आणि या प्राण्याचे सारे वैभव तर रंगातच! उन्हाळ्यात नर एखाद्या दगडावर चढतो व गळ्याची झालर पंख्यासारखी उघडून मिटतो. निळा, काळा व नारिंगी हे तिन्ही रंग क्षणभर झळकतात. ते पाहावयाचे तर बाटलीपाशी नव्हे, तापल्या कातळावर पोट टेकून पडले पाहिजे. छायाचित्रकारांनी हे कष्ट आनंदाने सोसले.

२०१६ साली व्ही. दीपक, वरद गिरी, प्रवीण कारंथ आदी संशोधकांनी जनुकीय पुराव्यासह या कुळाची नव्याने मांडणी केली, तेव्हा पाच नव्या जाती व एक नवे कुल पुढे आले. त्या कुलाचे नाव आपल्या मराठी शब्दावरून ‘सरडा’ असेच ठेविले. चाळकेवाडीचा तो ‘सरडा सुपर्बा’. जर्डनच्या जातीलाही याच कुलात जागा मिळाली. त्याला न्याय मिळावयास जवळजवळ दीडशे वर्षे लागली.

मात्र नाव मिळाले तोवर सड्याचे रूप पालटले होते. तेथे पवनचक्क्या उभ्या राहून दीड-दोन दशके लोटली होती. मारिया ठाकर, अमोद झांबरे व हर्षल भोसले यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, चक्क्यांच्या परिसरात शिकारी पक्षी इतर सड्यांच्या मानाने जवळजवळ चौपटीने कमी आहेत. शत्रू घटला, म्हणून सरडे वाढले. येथपर्यंत कोणासही तर्क करता आला असता. पण सरड्यांची वृत्तीही बदलली होती: माणूस जवळ आला तरी ते लवकर पळत नसत, रक्तातील भीतीचे द्रव्य उतरले होते आणि नरांच्या गळ्याचे रंग फिकटले होते. माणसाने एक यंत्र रोवावे आणि त्याचा परिणाम सरड्याच्या गळ्यापर्यंत पोहोचावा, ही साखळी विलक्षण खरी.

छायाचित्रकाराच्या दृष्टीने याचा व्यावहारिक अर्थ एवढाच की, चक्कीच्या पायथ्याशी सरडे पुष्कळ भेटतील व जवळही येऊ देतील. मात्र गळ्याचा गडद रंग हवा असेल, तर जेथे आकाशात अजून घारी-ससाणे फिरतात अशा सड्यावर जावे लागेल, आणि तेथला सरडा सहजासहजी जवळ येऊ देणार नाही.