फुकटच्या चिप्स आणि आमिषाचा इतिहास

ऑक्टोबर २०२३ मध्ये पिंपरी-चिंचवड पोलीस दलातल्या एका उपनिरीक्षकाने ‘ड्रीम ११’ या अॅपवर दीड कोटी रुपये जिंकले. वर्दीतच त्यांनी माध्यमांना मुलाखती दिल्या आणि काही दिवसांत त्यांचं निलंबन झालं. हा जुगार आहे की कौशल्याचा खेळ, यावर बरेच दिवस वाद रंगला. न्यायालयांनी अशा खेळांना त्याआधीच कौशल्याचा खेळ मानलं होतं. या वादात एक गोष्ट मात्र नजरेआड झाली. एरवी कंपन्या ज्या जाहिरातीसाठी कोट्यवधी मोजतात, ती या बातमीने फुकटात केली. त्याच सामन्यावर पैसे लावून हरलेल्यांची बातमी कुठेच झाली नाही.

जुगाराचा इतिहास आपण बहुधा बंदीचा इतिहास म्हणून वाचतो. अमुक साली कायदा आला, तमुक साली धाड पडली. त्याला समांतर दुसरा इतिहास आहे, तो आमिषाचा. बंदीपेक्षा तो समजून घेणं जास्त गरजेचं आहे, कारण बंदी उंबरठ्यावर थांबते आणि आमिष घरात येतं.

ब्लॅकजॅक हे नाव

कॅसिनोत ज्या पत्त्यांनी ब्लॅकजॅक खेळतात, त्यांचं मूळ इजिप्तच्या मामलूक सल्तनतीपर्यंत जातं. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात मामलूक पत्त्यांचा एक संच आजही आहे. त्यात नाणी, प्याले, तलवारी आणि पोलोच्या काठ्या असे चार रंग आहेत. चौदाव्या शतकात पत्ते युरोपात पोहोचले. स्पॅनिश भाषेतला पत्त्यांसाठीचा ‘नाइपे’ हा शब्द अरबी ‘नाइब’वरून आला, असं अनेक अभ्यासक मानतात. एकवीसच्या डावाचा उल्लेख सर्व्हांतेसच्या १६१३ साली छापलेल्या एका कथेत येतो.

‘ब्लॅकजॅक’ या नावाची एक लोकप्रिय कथा आहे. अमेरिकेतल्या जुगारअड्ड्यांनी गिऱ्हाईक ओढण्यासाठी जाहीर केलं, की इस्पिकच्या एक्क्यासोबत काळा गुलाम आला तर एकास दहा देऊ. पुढे ही सवलत बंद झाली, नाव तेवढं राहिलं. संशोधकांना ही कथा संशयास्पद वाटते. ती खरी नसली, तरी ती इतक्या सहज पटते यातच या धंद्याची ओळख आहे.

गिरणगाव ते मांडवी

आपल्याकडे ‘बॉम्बे प्रिव्हेन्शन ऑफ गॅम्बलिंग अॅक्ट’ १८८७ चा. तो असतानाच मुंबईत न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातून येणाऱ्या भावांवर आकडे लावले जात. १९६१ मध्ये ते भाव येणं थांबलं, तेव्हा १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी आपापला मटका सुरू केला. गिरणी कामगाराला तो परवडत होता, कारण रुपया लावूनही खेळता येई. एकेरी आकड्याला भाव होता एका रुपयाला नऊ रुपये. आकडे मात्र दहा. म्हणजे लावलेल्या प्रत्येक शंभरातले सरासरी दहा रुपये चालवणाऱ्याच्या खिशात जात. नऊपटीचं आमिष सगळ्यांना दिसायचं, दहावा रुपया कुणाला दिसत नसे.

महाराष्ट्राने १९७६ मध्ये कॅसिनोचं नियंत्रण आणि कर यांसाठी कायदा केला, पण तो कधी अमलात आला नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने तो रद्द करण्याचा निर्णय घेतला. शेजारच्या गोव्याने उलट वाट धरली. तिथल्या जुगारविरोधी कायद्यात १९९२ मध्ये दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत जुगाराची यंत्रं आली आणि १९९६ च्या दुरुस्तीने जहाजांवर कॅसिनोला वाट मिळाली. पुढे १ फेब्रुवारी २०२० पासून गोव्याने स्वतःच्या रहिवाशांना मात्र कॅसिनोत जायला मनाई केली. म्हणजे मांडवीवरची जहाजं बाहेरून येणाऱ्यांच्या पैशावर चालावीत, हे सरकारी धोरणच झालं. पिंपरी-चिंचवड आणि चाकणहून रात्रीच्या बसने निघालेला तरुण सकाळी पणजीत उतरतो. गिरणी कामगारासाठी आमिष नाक्यावर होतं, याच्यासाठी ते तिकिटातच असतं.

हजाराच्या चिपची किंमत

हौसेने खेळणाऱ्याला या सवलती फायद्याच्या ठरतात का? हिशेब करून पाहू.

प्रवेश तिकिटासोबत जेवण, पेय आणि काही ‘फुकट’ चिप्स मिळतात. या चिप्स रोख करून मिळत नाहीत, एकदाच लावता येतात. जिंकलात तर तेवढे पैसे मिळतात, पण चिप जाते. म्हणून हजार रुपयांच्या अशा चिपची खरी किंमत ब्लॅकजॅकच्या टेबलावर निम्म्याहून थोडी कमीच असते. समजा, साडेचारशे.

आता दुसरी बाजू. ठरलेल्या तक्त्याप्रमाणे अचूक खेळणाऱ्याविरुद्ध चांगल्या नियमांच्या ब्लॅकजॅकमध्ये कॅसिनोची आघाडी साधारण अर्धा टक्का असते. अंदाजाने खेळणाऱ्याविरुद्ध ती दोन टक्के धरायला हरकत नाही. समजा, टेबलावर किमान पाचशे लावायचे आणि तासाला साठ डाव होतात. म्हणजे तासाला तीस हजारांची उलाढाल. दोन टक्क्यांनी तासाला सहाशे रुपये गेले. फुकट चिपची कमाई पाऊण तासात संपली आणि बस सुटायला अजून पूर्ण रात्र बाकी आहे. त्यात एकवीस जुळल्यावर दोनास तीनऐवजी पाचास सहा असा भाव असेल, तर कॅसिनोची आघाडी आणखी सुमारे १.४ टक्क्यांनी वाढते.

थोडक्यात, चिप लावून लगेच उठणाऱ्यालाच या सवलतीतून काही मिळतं. जेवण, पेय आणि गाणी असतात ती त्याने उठू नये म्हणून.

मोबाइलवरचा ‘वेलकम बोनस’ तर आणखी अवघड. हजाराचा बोनस तीस वेळा फिरवायचा, म्हणजे तीस हजारांचे डाव. ब्लॅकजॅकचे डाव त्यात अनेकदा दहाच टक्के धरले जातात. मग तीन लाखांचे डाव लागतात. अचूक खेळणाराही त्यात सरासरी दीड हजार हरतो, तेही हजाराच्या बोनससाठी. अंदाजाने खेळणारा सहा हजार हरतो. वर निव्वळ जिंकलेल्या रकमेवर तीस टक्के प्राप्तिकर लागतो.

उंटाचे वाटे

इस्लामपूर्व अरबस्तानात ‘मैसिर’ नावाचा जुगार होता. उंट कापून त्याचे वाटे करत आणि थैलीतून दहा बाण काढत. सात बाणांना एक ते सात हिस्से, तीन कोरे. कोरे बाण ज्यांच्या वाट्याला येत, ते उंटाची किंमत भरत. जिंकणारा मांस गरिबांत वाटून टाकी आणि त्याचा त्याला अभिमान वाटे. दुष्काळात या मांसावर कुणाची तरी चूल पेटत असे.

कुरआनने ही बाब नाकारली नाही. सुरह बकराच्या २१९व्या आयतीत दारू आणि मैसिर यांत लोकांसाठी काही फायदा असल्याचं मान्य केलं आहे, पण त्यातलं पाप फायद्याहून मोठं ठरवलं आहे. पुढे सुरह माइदाच्या ९०-९१व्या आयतींत मैसिरपासून दूर राहायला सांगताना आपसातल्या वैराचंही कारण दिलं आहे. ‘जुगार हराम’ एवढंच पाठ असलेल्या आपल्यातल्या अनेकांना या पहिल्या आयतीतला हिशेब ठाऊक नसतो. फायदा दिसतोच, नाहीतर कुणी खेळलंच नसतं. प्रश्न तो कोणत्या किमतीला मिळतो हा आहे. फुकट चिपला आणि बोनसलाही नेमका हाच प्रश्न विचारावा लागतो. धर्म न मानणाऱ्यालाही तो विचारता येतो.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. त्यांची जाहिरात आणि बँकांमार्फत होणारे व्यवहारही त्यात आले. ‘ड्रीम ११’ने पैशांच्या स्पर्धा बंद केल्या. कायद्याने खेळणाऱ्याला गुन्हेगार ठरवलं नाही, हे बरं झालं. पण परदेशातून चालणाऱ्या साइट कायदा विचारून येत नाहीत. आठ तासांची पाळी संपवून चाकणच्या खोलीवर परतलेल्या कंत्राटी कामगाराच्या हातात पगार आणि मोबाइल एकाच दिवशी असतात. बोनस किती, हे त्याला मोठ्या अक्षरांत दाखवलं जातं. तो किती वेळा फिरवायचा, हे खाली बारीक अक्षरांत असतं. ती बारीक अक्षरं त्याला वाचून दाखवणारं कुणीतरी शेजारच्या खाटेवर असायला हवं.