पाखरू कुणाचं? रोमन कायद्यापासून दिनशवाईपर्यंत

मंडळी, आजचा प्रश्न दिसायला अगदी बाळबोध आहे. आकाशातून पाखरू उडत चाललंय. खाली शेत एकाचं, बंदूक दुसऱ्याच्या हातात. पाखरू कुणाचं?

तत्त्वज्ञानाच्या वर्गात मालकी म्हणजे काय, असं विचारलं की मुलं लगेच घर, जमीन, पैसा यांची नावं घेतात. सगळ्या स्थिर वस्तू. त्यांच्याबाबत तर्क सोपा असतो. खरी परीक्षा होते ती स्वतःहून हलणाऱ्या वस्तूची, आणि ही अडचण रोमन लोकांना चांगली ठाऊक होती. सम्राट जस्टिनियनच्या काळी, इ.स. 533 मध्ये, कायद्याच्या विद्यार्थ्यांसाठी एक पाठ्यपुस्तक निघालं. त्यात म्हटलंय की रानटी जनावर कुणाचंच नसतं, जो पकडेल त्याचं. मग ते स्वतःच्या शेतात पकडा की शेजाऱ्याच्या. मात्र शेजाऱ्याला तुम्हाला बांधावरच अडवायचा हक्क आहे. म्हणजे मालकी पाखरावर नाही, वाटेवर आहे. ही बारीक फट लक्षात ठेवा, पुढची बरीचशी भांडणं तिच्यातूनच आली आहेत.

त्याच पुस्तकात पुढे पक्ष्यांची वर्गवारी आहे. कोंबडी आणि हंस हे पाळीव. रानात त्यांचे भाऊबंद असले तरी घरचा हंस उडून दूर गेला, तरी तो तुमचाच. तो ठेवून घेणारा चोर. मोर आणि कबुतर मात्र स्वभावतः रानटी. (मोराला रानटी म्हटलेलं आपल्याला जरा लागतं, पण असो.) मग खुराड्यातल्या कबुतराचं काय? ते रोज उडून जातं आणि संध्याकाळी परत येतं. इथे रोमन पंडितांनी फार सुंदर तोड काढली: परत येण्याची सवय जोवर आहे तोवर ते तुमचं. ज्या दिवशी सवय सुटली, त्या दिवशी मालकी सुटली. जगात दुसऱ्या कुठल्या मालमत्तेची व्याख्या अशी मालमत्तेच्याच मनावर सोपवलेली असेल, असं मला वाटत नाही.

आता एकदम इंग्लंडमध्ये येऊ. साल 1707. किबल नावाचा एक जमीनदार. त्याच्या कुरणात तळं होतं, तळ्यावर पाळलेली बदकं सोडून रानबदकांना भुलवायचं आणि जाळ्यात धरायचं, हा त्याचा धंदा. शेजारी हिकरिंगिल. त्याने तळ्याजवळ येऊन बंदुकांचे बार काढले. एकही बदक मारलं नाही, नुसती सगळी उडवून लावली. किबल कोर्टात गेला. प्रतिवादीची बाजू वरवर भक्कम होती: उडालेली बदकं किबलची नव्हतीच, मग नुकसान कुणाचं झालं? मुख्य न्यायाधीश होल्ट यांनी उत्तर दिलं ते आम्हा मास्तर लोकांना आवडेल असं आहे. एका शाळेशेजारी दुसरी चांगली शाळा निघाली आणि मुलं तिकडे गेली, तर पहिल्या मास्तरने तक्रार करू नये. पण कुणी बंदूक घेऊन रस्त्यावर उभं राहिलं आणि शाळेत जाणाऱ्या मुलांना भिववू लागलं, तर मास्तरला भरपाई मागता येते. होल्टने बदकाची मालकी बाजूलाच ठेवली आणि माणसाच्या पोटापाण्याकडे बघितलं. पाखरू कुणाचंही असो, त्याच्यावर पोट कुणाचं आहे?

अमेरिकेत गेलेल्या वसाहतवाल्यांना हे सगळं जाचक वाटलं. इंग्लंडात शिकारीचा हक्क शतकानुशतकं जमीनवाल्या सरदारांपुरता होता, म्हणून पेनसिल्व्हेनियाने 1776 च्या घटनेत लिहूनच टाकलं की स्वतःच्या जमिनीवर आणि कुंपण नसलेल्या इतर जमिनीवर रहिवाशांना शिकार करता येईल. कुंपण घालणं ही मालकाची जबाबदारी झाली. तिथल्या हंसांच्या शिकारीतले आजचे तंटे या वारशातून आलेले आहेत. कॅनडाहून उतरणारे मोठे हंस कापणी झालेल्या गव्हा-मक्याच्या शेतात दाणे टिपायला येतात. आपल्याकडे हिवाळ्यात उजनीला, जायकवाडीला पट्टकादंब येतात ना, त्यांचेच हे गोतावळ्यातले. हंस शेतकऱ्याचे नाहीत, शेत मात्र त्याचं आहे. 1918 च्या कायद्याने हे स्थलांतरी पक्षी संघराज्याच्या संरक्षणाखाली आले आणि 1920 मध्ये न्यायमूर्ती होम्स यांनी मिसुरी राज्याचा दावा फेटाळताना म्हटलं की जे पाखरू काल आलेलं नव्हतं आणि आठवड्याने हजार मैलांवर असेल, त्याच्यावर राज्याने मालकी सांगणं फार बारीक धाग्याला लटकणं आहे. पुढे 1949 मध्ये न्यूयॉर्कने नव्या शिकाऱ्यांना बंदुकीचं शिक्षण सक्तीचं केलं. त्या शिक्षणातले पाठ साधे असतात: नळी माणसाकडे नको, बोट घोड्यावर नको, कुंपण ओलांडताना आधी काडतुसं काढा, आणि शेजारच्या शिकाऱ्याची बाजू ती त्याची, तिकडे बंदूक फिरवू नका. हंसांचे शिकारी शेतात आडवे पडून राहतात आणि थवा खाली उतरला की एकदम उठून बसतात, त्यामुळे हा शेवटचा पाठ त्यांच्यासाठी जीवनमरणाचा.

हे पाठ किती महाग असतात, ते बघायचं तर इजिप्तला जावं लागतं. आज मला मुख्यतः तिथलंच सांगायचंय.

नाईलच्या त्रिभुज प्रदेशात मनूफिया प्रांतात दिनशवाई नावाचं गाव आहे. तिथले शेतकरी, फल्लाह म्हणतात त्यांना, मातीचे उंच मनोरे बांधून कबुतरं पाळतात. मांस खायला, विष्ठा शेताला. म्हणजे आपल्याकडच्या कोंबड्या आणि शेणखत, दोन्ही एकाच पाखरात. 13 जून 1906 रोजी कैरोहून अलेक्झांड्रियाकडे निघालेल्या ब्रिटिश तुकडीतले पाच अधिकारी तिथे कबुतरं मारायला गेले. गावचा उमदा, म्हणजे पाटील, गावात नव्हता. आदल्या वर्षीही गोऱ्यांनी इथे कबुतरं मारली होती आणि गावकरी त्यावरून चिडलेले होते. पंच्याहत्तरीच्या एका म्हाताऱ्याने, हसन महफूझने, अधिकाऱ्यांना बजावलंही, की लोकांना हे खपणार नाही. ते पुढे झाले.

गोळीबार सुरू झाला आणि थोड्याच वेळात एका खळ्यावर आग दिसली. आग गोळ्यांनी लागली, असं गावकऱ्यांचं म्हणणं. लोक धावले आणि बंदुका हिसकावू लागले. त्या झटापटीत एका अधिकाऱ्याच्या हातातली भरलेली बंदूक उडाली. अब्द-एन-नबी नावाच्या तरुणाची बायको छर्रे लागून पडली, आणखी काही जण जखमी झाले. ती मेली, असंच लोकांना वाटलं. मग काठ्या आणि विटा सुरू झाल्या.

कॅप्टन बुल हा अधिकारी मार खाऊन निसटला आणि जूनच्या उन्हात छावणीकडे पळत सुटला. वाटेत कोसळून मेला. डोक्याला मार होता, पण जीव गेला तो उन्हाने. सैनिक पोचले तेव्हा त्याच्याजवळ एक शेतकरी होता, मदतीला आलेला. त्यांनी त्यालाच मारेकरी समजून ठार केलं. त्या खुनाबद्दल कुणावर खटला झाला नाही.

गावकऱ्यांवर मात्र झाला. ब्रिटिश सैनिकांवरील हल्ल्यांसाठी 1895 मध्ये खास न्यायमंडळाची तरतूद झाली होती. त्यात पाच न्यायाधीश, तीन ब्रिटिश, दोन इजिप्शियन, अध्यक्ष बुत्रोस घाली. अपील नाही. आरोपी 52. सुनावणी 24 जूनला सुरू झाली आणि 27 ला निकाल. चौघांना फाशी, दोघांना जन्मठेप, बाकीच्यांना सक्तमजुरी किंवा फटके, एकूण 21 जण दोषी. दुसऱ्याच दिवशी, गावासमोर फास उभारून, एक फाशी, मग फटके, मग दुसरी फाशी, असं सगळं उरकलं. ज्याने सावध केलं होतं, तो हसन महफूझ फाशी गेलेल्यांत होता. लॉर्ड क्रोमर त्या वेळी रजेवर होता, पण पुढच्याच वर्षी त्याला पद सोडावं लागलं. मुस्तफा कामिलने पॅरिसच्या वृत्तपत्रात लिहिलं, बर्नार्ड शॉने आपल्या नाटकाच्या प्रस्तावनेत या खटल्याची चामडी सोलली. 1910 मध्ये बुत्रोस घाली यांची हत्या झाली, तेव्हा त्यांच्यावरच्या रोषाच्या यादीत दिनशवाई होतंच.

आता जरा कोर्टाच्या तर्काकडे बघा. सगळा भर होता एका प्रश्नावर: हल्ला पूर्वनियोजित होता का? सरकारी पक्षाचं म्हणणं, होता. ठीक. पण दुसरे प्रश्न तितकेच गंभीर होते. मनोऱ्यातली कबुतरं संध्याकाळी परत येतात, म्हणजे रोमन हिशेबाने ती मालकाची. होल्टच्या हिशेबाने ती शेतकऱ्याचं पोट. मग बंदूक घेऊन आलेला माणूस शिकारी ठरतो की दुसऱ्याचं धन उचलणारा? आणि वाद चालू असताना बंदूक भरलेली का होती? अंगावर जमाव येतोय, तर आधी काडतुसं काढावीत, हे एकालाही सुचलं नाही. बंदूक कुणी मुद्दाम झाडली नाही, हे मी मान्य करतो. पण भरलेली बंदूक घेऊन हिसकाहिसकीत उभं राहायचं आणि मग अपघात म्हणायचं, यात जबाबदारी कुठे जाते? ॲरिस्टॉटल दारुड्याबद्दल म्हणतो की नशेत केलेल्या अज्ञानाला तो स्वतःच कारण असतो. इथेही तसंच.

आपल्याकडेही गोऱ्या सैनिकांना शिकारीला जाताना पास घ्यावा लागे आणि जिथे मोर पवित्र मानतात तिथे मोराला हात लावू नये, अशी ताकीद असे. नियम दयेपोटी आले होते असं मला वाटत नाही. गावाशी दंगल झाली की पलटणीची डोकेदुखी वाढते, एवढंच. पण नियम होते. दिनशवाईत पाटलाला विचारण्याचा रिवाज होता, आणि त्या दिवशी पाटील नव्हता म्हणून तो गळून पडला.

अब्द-एन-नबीला जन्मठेप झाली होती. गोळी त्याच्याच बायकोला लागली होती. 1908 च्या सुरुवातीला दिनशवाईचे उरलेले कैदी सोडण्यात आले. मनूफिया प्रांत अजूनही 13 जून हा आपला दिन म्हणून पाळतो.