बुलेटचा व्हॉल्व्ह जळालाय? नवा टाकण्याआधी जुना नीट बघा

पावसाळा लागला की चांदणी चौकातून भूगाव, पिरंगुट, पौड करत ताम्हिणीकडे गाड्यांची रांग लागते. त्यात काकांच्या किंवा आजोबांच्या काळातली, शेडमधून बाहेर काढलेली एखादी जुनी बुलेट असतेच. पौडपर्यंत ती झकास चालते. घाट लागला की मात्र दम टाकते, सायलेन्सरमधून फटाके वाजवते आणि बंद पडल्यावर किक मारली तर पाय अलगद खाली जातो. कॉम्प्रेशनच नाही!

गॅरेजमध्ये निदान दोन मिनिटांत होतं, "वॉल गेला." जुना काढून नवा टाकला जातो आणि पुढच्या पावसाळ्यात गाडी पुन्हा तिथेच उभी असते.

असं होतं, कारण व्हॉल्व्ह स्वतःहून क्वचित खराब होतो. त्याला दुसऱ्याच कशाने तरी खराब केलेलं असतं. त्याचा पुरावा जुन्या व्हॉल्व्हवरच असतो आणि आपण नेमका तोच भंगारात टाकतो.

इथे बुलेट म्हणजे जुन्या कास्ट आयर्न इंजिनची ३५० सीसी बुलेट. भारतात ही गाडी १९५५ पासून बनू लागली आणि २०१० च्या सुमारास प्रदूषणाच्या नियमांमुळे हे इंजिन थांबलं. यात दोनच व्हॉल्व्ह असतात. इनलेटमधून पेट्रोल-हवेचं मिश्रण आत येतं, एक्झॉस्टमधून जळका वायू बाहेर जातो. (जुन्या जावा, यझदी आणि राजदूतवाल्यांनी इथेच थांबायला हरकत नाही. ती टू-स्ट्रोक इंजिनं, त्यांच्यात हे व्हॉल्व्हच नसतात.)

हेड उघडण्याआधी

कॉम्प्रेशन गेलं म्हणजे व्हॉल्व्हच गेला असं नाही. जुन्या बुलेटला डीकॉम्प्रेसर असतो. त्याची केबल जास्त ताणलेली असेल तर तो किंचित उघडा राहतो आणि सगळी हवा तिथून निसटते. केबल सैल करून पुन्हा किक मारून बघा. काही जणांचं काम इथेच, फुकटात होतं.

नाही झालं, तर प्लग काढून चमचाभर इंजिन ऑइल आत सोडा आणि कॉम्प्रेशन पुन्हा तपासा. वाढलं तर दोष पिस्टनच्या रिंगांचा, कारण ऑइलने ती फट तात्पुरती बुजली. जराही वाढलं नाही तर संशय व्हॉल्व्हवर. कोणत्या व्हॉल्व्हवर, हे कानाने कळतं. पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या अगदी वर आणायचा आणि प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा बेताने सोडायची. सुस्कारा कार्बोरेटरमधून आला तर इनलेट, सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट.

एक लक्षण ताम्हिणीच्या उतारावर दिसतं. थ्रॉटल बंद ठेवून गाडी खाली उतरली आणि खाली आल्यावर थ्रॉटल दिला की निळा धूर निघाला, तर इनलेट व्हॉल्व्हचा गाइड झिजलेला असण्याची शक्यता मोठी. थ्रॉटल बंद असताना इंजिन जोरात ओढ घेतं आणि त्या ओढीने ऑइल गाइडमधून आत शिरतं.

जुना व्हॉल्व्ह काय सांगतो?

सगळ्यात जास्त मरतो तो एक्झॉस्ट. पूर्ण लोडवर तो सातशे अंशांच्या आसपास तापतो. ही उष्णता बाहेर जायचा मुख्य रस्ता म्हणजे सीट. व्हॉल्व्ह बंद होऊन सीटवर टेकतो तेवढ्या क्षणांत तो थंड होतो. टेकलाच नाही तर तापत राहतो आणि कडेचा तुकडा जळून खाच पडते.

तो टेकत का नाही? बहुतेक वेळा उत्तर असतं, टाइट टॅपेट. आणि ते टाइट का असतात, तर मालकाला टकटक आवाज नको असतो! थोडा वाजणारा टॅपेट व्हॉल्व्ह मारत नाही, गप्प केलेला टॅपेट मारतो. या बुलेटचे टॅपेट इंजिन पूर्ण थंड असताना, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आणून लावायचे. पुशरॉड बोटांनी सहज गोल फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. गरम इंजिनवर घाईघाईत लावलेले टॅपेट चुकतातच.

टॅपेट बरोबर होते तरी व्हॉल्व्ह जळाला असेल, तर मिश्रण आणि टायमिंग बघा. कार्बोरेटरच्या जोडातून जास्तीची हवा आत जात असेल तर मिश्रण पातळ होतं आणि इंजिन जास्त तापतं. इंजिन चालू असताना त्या जोडावर ऑइलचे दोन-चार थेंब सोडा. आयडलिंग बदललं तर चोर सापडला. पॉइंटवाल्या गाडीत पॉइंटची टाच झिजते, गॅप कमी होतो आणि ठिणगी उशिरा पडते. मग एक्झॉस्ट उघडतो तेव्हाही आत आग चालूच असते. सायलेन्सरचा बेंड पाइप निळा पडला असेल तर हा गॅप आधी मोजा. तो ०.३५ ते ०.४० मिमी हवा.

सीट आत धसली असेल तर गोष्ट वेगळी. पूर्वी पेट्रोलमध्ये शिसं असायचं आणि त्याचा थर सीटला गादीसारखा उपयोगी पडायचा. फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसंविरहित पेट्रोल आलं. माणसांच्या दृष्टीने हे चांगलंच झालं, पण मऊ सीटची जुनी इंजिनं उघडी पडली. सीट धसत गेली की टॅपेट आपोआप टाइट होत जातात. त्यामुळे टॅपेट दर थोड्या दिवसांनी सैल करावे लागत असतील तर सीट बघाच. त्यात आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. इथेनॉल स्वतःबरोबर ऑक्सिजन आणतं, त्यामुळे जुन्या सेटिंगवर मिश्रण आणखी पातळ होतं. मेन जेट एक नंबर मोठा लागेल का, हे प्लगचा रंग बघून ठरवावं. पांढरट प्लग म्हणजे धोक्याची खूण.

व्हॉल्व्ह वाकलाय का, हे बघायला काच पुरते. तिच्यावर दांडी लोळवली की वाक लगेच दिसतो. वाकलेला व्हॉल्व्ह सरळ करून वापरू नये. तुटला तर पिस्टन आणि हेड दोन्ही घेऊन जातो.

लेथवाल्याकडे गेल्यावर

क्रम महत्त्वाचा आहे. आधी गाइड, मग सीट, मग व्हॉल्व्ह. सीट कापायच्या हत्याराची दांडी गाइडमध्येच बसते. गाइड झिजलेला असेल तर सीट तिरकी कापली जाते आणि नवा व्हॉल्व्हही तिरकाच टेकतो. बरेच पैसे इथेच वाया जातात.

ग्राइंडिंग पेस्टने व्हॉल्व्ह घासताना सीटवर सगळीकडून सारखा, साधारण दीड मिलिमीटर रुंदीचा करडा पट्टा यायला हवा. पेस्टने खोल खड्डे भरून निघत नाहीत. त्यासाठी सीट कापावीच लागते. काम झाल्यावर पेस्टचा कणही आत राहू देऊ नका, कारण ती शेवटी घासायचीच पेस्ट आहे. मग स्प्रिंग बसवून हेड उलटं करा आणि त्यात रॉकेल ओता. पाच-दहा मिनिटांत पोर्ट ओले झाले तर पुन्हा घासा.

इंजिन जोडल्यावर पहिल्या ५०० किलोमीटरला टॅपेट पुन्हा तपासा. नवे व्हॉल्व्ह सीटवर बसताना किंचित खाली जातात आणि टॅपेट टाइट होतात.

राहिला मुळशीचा पाऊस. इथली दमट हवा उघड्या व्हॉल्व्हमधून आत शिरली की सीटवर आणि सिलिंडरवर गंज धरतो. गाडी पावसाळाभर उभी राहणार असेल तर किक हळू दाबत पाय अडेल तिथे आणायची, डीकॉम्प्रेसर दाबून जरा पुढे सरकवायची आणि तिथेच सोडायची. त्या जागी दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात.